जीवाणू औषधाला ‘शिकतात’ का? वीस नळ्यांचं उत्तर

प्रश्न थोडक्यात असा: अँटिबायोटिक घातलेल्या प्लेटवर कोट्यवधी जीवाणू पसरले तर जवळपास सगळे मरतात, पण दोन-चार कॉलन्या, म्हणजे एकेका पेशीपासून वाढलेले ठिपके, उगवतात. या जीवाणूंनी औषध समोर आल्यावर स्वतःत बदल करून घेतला, की बदल आधीच झालेला होता? आणि आधीच झालेला असेल तर ते कळलं कसं? औषध घातल्याशिवाय प्रतिरोधक जीवाणू ओळखूच येत नाही, मग औषधाआधी तो तिथे होता हे कुणी पाहिलं? विचारणाऱ्याने २०१६ साली मायकेल बेम आणि रॉय किशोनी यांनी दाखवलेल्या त्या भल्यामोठ्या प्लेटचा दाखला दिला आहे. १२० बाय ६० सेंटिमीटरची प्लेट, मध्याकडे पट्ट्यापट्ट्याने वाढत जाणारं औषध, आणि प्रत्येक पट्ट्याच्या सीमेवर थबकून मग पुढे घुसणारे जीवाणू. साधारण अकरा दिवसांत ते सगळ्यात तीव्र पट्ट्यापर्यंत पोचतात. चित्रफीत पाहताना खरंच वाटतं, की ते थांबले, विचार केला आणि निघाले.

उत्तर आधी सांगतो: बदल आधी, निवड नंतर. सीमेवर थांबलेला घोळका काही शिकत नसतो. तो वाढत असतो, वाढताना डीएनएची नक्कल करत असतो आणि नक्कल करताना चुकत असतो. लाखो चुकांतली एखादी पुढच्या पट्ट्यात तगणारी निघाली की त्या एकाच पेशीची पिल्लावळ पंख्यासारखी पसरते. आपल्याला दिसतो तो पंखा. बाकीच्या चुका कुणाला दिसत नाहीत.

पण हे नुसतं सांगून भागत नाही. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात भल्याभल्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांचा कल ‘जीवाणू परिस्थितीप्रमाणे बदलतात’ या बाजूला होता, आणि त्यांचं चुकत होतं असं प्लेट पाहून म्हणता येत नव्हतं. प्लेटवर सहा कॉलन्या आल्या, तर दोन्ही गोष्टी रचता येतात. औषध लागल्यावर कोट्यवधींतल्या सहा पेशींना जमलं, किंवा सहा पेशी आधीपासून तशा होत्या. प्लेट तीच, आकडा तोच. इथेच बरेच लोक अडकतात, कारण ते एका प्लेटकडे बघत राहतात.

साल्वादोर लुरिया आणि मॅक्स डेलब्रुक यांनी १९४३ साली काय केलं, तर एका आकड्याकडे बघायचं सोडून आकड्यांच्या विखुरलेपणाकडे पाहिलं. लुरिया इटलीतून अमेरिकेत आलेला वैद्यकाचा पदवीधर, डेलब्रुक जर्मनीतून आलेला भौतिकशास्त्रज्ञ. त्यांच्या प्रयोगात औषधाऐवजी विषाणू होता: ई. कोलाय जीवाणूंना फोडणारा टी-१ नावाचा फाज. लुरियाने पुढे आत्मकथनात लिहिलं आहे, की कल्पना सुचली ती एका समारंभात, नाणं टाकून खेळायच्या स्लॉट मशीनशी सहकाऱ्याची झटापट बघताना. ते यंत्र बहुतेक वेळा काहीच देत नाही, कधी किरकोळ देतं आणि क्वचित घबाड ओकतं. सरासरी काढली तर काहीतरी येते, पण त्या सरासरीवरून यंत्र कसं चालतं ते कळत नाही. ते कळतं ते ‘शून्य, शून्य, तीन, शून्य, घबाड’ या क्रमावरून.

आता हे जीवाणूंना लावून पाहा. एकाच मूळ कल्चरमधून, म्हणजे पोषक द्रवात वाढवलेल्या जीवाणूंतून, अगदी थोड्या पेशी घेऊन वीस वेगळ्या नळ्या लावल्या. प्रत्येक नळी स्वतंत्र वाढली. मग प्रत्येक नळी फाज पसरलेल्या एकेका प्लेटवर ओतली.

जर बदल फाज भेटल्यावर होत असेल, तर सगळ्या नळ्यांची परिस्थिती प्लेटवर पोचेपर्यंत सारखीच. प्रत्येक पेशीला बदलण्याची तितकीच लहानशी संधी, म्हणून प्रत्येक प्लेटवर साधारण तितक्याच कॉलन्या, थोड्या इकडे-तिकडे. अशा घटनांत विचरण, म्हणजे संख्याशास्त्रातलं व्हेरियन्स, सरासरीच्या आसपास राहतं.

जर बदल नळीतच, फाजचं तोंडही न पाहता होत असेल, तर तो कधी झाला याला महत्त्व येतं. शेवटच्या विभाजनाला झाला तर एक प्रतिरोधक पेशी. त्याआधी सात पिढ्या झाला असेल तर दुपटीच्या हिशोबाने १२८. आणि झालाच नसेल तर शून्य. म्हणजे नळ्यानळ्यांत प्रचंड तफावत यायला हवी.

त्यांच्या वीस नळ्यांचे आकडे आजही पाठ्यपुस्तकांत छापतात. मी ते फळ्यावर कधीच तक्त्यात लिहीत नाही, एका ओळीत लिहितो: १, ०, ३, ०, ०, ५, ०, ५, ०, ६, १०७, ०, ०, ०, १, ०, ०, ६४, ०, ३५. सरासरी ११ पूर्णांक काहीतरी, विचरण सातशेच्या घरात. (६४ पाहून दोनाचा घात आठवला तर मजा वाटते, पण तो योगायोग समजा. नळीत सगळ्या पेशी एकाच ठेक्यात विभागत नसतात.)

याहून महत्त्वाचा भाग बरेच जण गाळतात. त्यांनी एका मोठ्या नळीतून, एकाच कल्चरमधून, दहा नमुने काढून तेही तसेच पसरले. आकडे आले: १४, १५, १३, २१, १५, १४, २६, १६, २०, १३. सरासरी १६.७ आणि विचरणही त्याच सुमाराचं. ही ओळ नसती तर कुणीही म्हणालं असतं, ‘तुमचा हात स्थिर नाही, पसरण्यात चूक होते, म्हणून आकडे नाचतात.’ एकाच नळीतल्या नमुन्यांत आकडे नाचत नाहीत. नाचतात ते वेगळ्या वाढलेल्या नळ्यांत. म्हणजे तफावत प्लेटवर नव्हे, नळीत जन्मली. फाज भेटण्याआधी.

हे मला पुस्तक वाचून कळलं नव्हतं, माती खाल्ल्यावर कळलं. पीएच.डी.च्या दुसऱ्या वर्षी मला हाच प्रयोग फाजऐवजी रिफँपिसिन हे अँटिबायोटिक घेऊन करायचा होता. मी बारा नळ्या लावल्या. प्रत्येकीत रात्रभर वाढलेलं कल्चर शंभर मायक्रोलिटर घातलं, कारण नेहमी ताजं कल्चर सुरू करताना तेच करायचो. दुसऱ्या दिवशी प्लेटा काढल्या तर सगळ्यांवर कॉलन्याच कॉलन्या आणि नळ्यानळ्यांत फरक फार तर दीडपट-दुप्पट. एकही शून्य नाही, एकही घबाड नाही. माझी छाती फुगली. वाटलं, रिफँपिसिनच्या बाबतीत तरी बदल औषधानंतर होतो, हे मी दाखवलं. बैठकीसाठी आलेखसुद्धा काढून ठेवला.

मार्गदर्शकांनी आलेखाकडे पाहिलंच नाही. विचारलं, ‘सुरुवातीला नळीत किती पेशी घातल्यास?’ मी हिशोब केला आणि कान गरम झाले. रात्रभर वाढलेल्या कल्चरमध्ये एका मिलिलिटरला साधारण दोनशे कोटी पेशी असतात. शंभर मायक्रोलिटर म्हणजे वीस कोटी. रिफँपिसिनला दाद न देणाऱ्या पेशी दहा कोटींत एक ते दहा सापडतात. म्हणजे मी प्रत्येक नळीत आधीच तयार असलेले दोन ते वीस प्रतिरोधक जीवाणू स्वतःच्या हाताने टाकले होते. ते बाकीच्यांबरोबर वाढले आणि सगळ्या नळ्या जवळपास सारख्या दिसल्या. स्लॉट मशीन सुरू करण्याआधी मीच प्रत्येकाच्या ताटलीत नाणी ओतून ठेवली होती.

तेव्हापासून माझ्याकडे कुणीही हा प्रयोग लावायला घेतला की पहिलं डायल्यूशन, म्हणजे कल्चर पातळ करणं, मी शेजारी उभा राहून बघतो. नळीत सुरुवातीला हजार-दोन हजार पेशीच गेल्या पाहिजेत, म्हणजे रात्रभराच्या कल्चरचं दहा लाख पट डायल्यूशन. प्रत्येक पायरीला पिपेटचं टोक बदलायचं. टोकाच्या बाहेरच्या बाजूला चिकटलेला थेंबसुद्धा पुढच्या नळीत लाखो पेशी नेतो. कंटाळवाणं आहे, पण सगळा प्रयोग इथेच जिंकला किंवा हरला जातो.

आता शून्यांकडे येऊ. वीसपैकी अकरा नळ्यांत शून्य आलं. म्हणजे ५५ टक्के नळ्यांत एकदाही बदल घडला नाही. घटना विरळ आणि स्वतंत्र असतील तर ‘एकदाही नाही’ याची शक्यता आणि सरासरी किती वेळा घडली याचा थेट संबंध असतो. ०.५५ चा नैसर्गिक लॉगरिदम घेऊन चिन्ह उलटं केलं की ०.६ येतं. म्हणजे एका नळीत सरासरी ०.६ वेळा हा बदल घडला. लहान नळीत शेवटी दोन कोटी पेशी धरल्या, तर दर विभाजनाला दहा कोटींत तीन. कॉलन्यांची संख्या इथे लागतच नाही. १०७ च्या जागी ५०० असत्या तरी उत्तर तेच. एका जनुकाचं उत्परिवर्तन, म्हणजे त्याच्या डीएनएतला बदल, किती वेळा होतं हे, काहीच न उगवलेल्या प्लेटा मोजून काढता येतं, याचं मला अजूनही नवल वाटतं.

या आकड्याकडे जरा थांबून पाहा. ई. कोलायमध्ये डीएनएचं एखादं ठरावीक अक्षर चुकण्याचं प्रमाण आज आपल्याला माहीत आहे: दर विभाजनाला साधारण पाचशे कोटींत एक. मग टी-१ ला दाद न देणारा बदल त्याच्या दीडशे पट जास्त वेळा कसा घडतो? कारण हा फाज पेशीच्या पृष्ठभागावरच्या एका विशिष्ट प्रथिनाला धरून आत शिरतो. ते प्रथिन बनवणारं जनुक कुठेही मोडलं, अक्षर बदललं, गळलं, मध्ये दुसरा तुकडा घुसला, तरी कडी तुटते आणि फाज बाहेर राहतो. मोडायचे मार्ग पुष्कळ. रिफँपिसिनची गोष्ट वेगळी. ते आरएनए बनवणाऱ्या एन्झाइमला चिकटतं, आणि ते एन्झाइम मोडलं तर जीवाणूच मरतो. म्हणून औषध चिकटू नये पण काम चालू राहावं, असे मोजकेच बदल चालतात, काही डझन.

टी-१ पासून वाचायची किंमतही असते. ते प्रथिन फाजसाठी ठेवलेलं नसतं, लोह आत घ्यायच्या कामाचं असतं. दार काढून टाकलं की चोर येत नाही, पण वाणसामानही येत नाही. म्हणूनच फाज नसताना असे जीवाणू बहुसंख्य होत नाहीत, कोपऱ्यात विरळ राहतात.

आता अनेकांना पटत नाही तो मुद्दा: ‘इतका नेमका बदल आधीच हजर असणं हा योगायोग नाही का?’ नाही. पाच मिलिलिटर नळीत सकाळी साधारण हजार कोटी पेशी असतात. तिथवर पोचायला जवळपास तितकीच विभाजनं झालेली असतात. पाचशे कोटींत एक चूक या हिशोबाने जीनोममधल्या, म्हणजे पेशीच्या संपूर्ण डीएनएतल्या, ४६ लाख अक्षरांपैकी प्रत्येक अक्षर त्या एका नळीत सरासरीने दोनदा चुकलेलं असतं. एकेका पेशीकडे पाहिलं तर चूक अगदी दुर्मीळ, हजार विभाजनांत एखादी. पण नळीकडे पाहिलं तर कोणती चूक तिथे नाही हे शोधणं जास्त कठीण. ‘शिकतात’ हा शब्द मला खटकतो तो यासाठी. शिकायला कुणीतरी एक असावा लागतो. इथे गर्दी आहे, आणि गर्दीतला जो आधीपासून वेगळा होता तो उरतो.

लुरिया-डेलब्रुक यांचा पुरावा गणिती होता आणि अनेक जीवशास्त्रज्ञांना तो पचायला जड गेला. १९५२ साली एस्थर आणि जोशुआ लेडरबर्ग यांनी मखमलीचा तुकडा वापरून तेच डोळ्यांसमोर मांडलं. लाकडी ठोकळ्यावर निर्जंतुक मखमल ताणून बसवायची, औषध नसलेल्या प्लेटवर हलकेच टेकवायची आणि मग तोच शिक्का औषध असलेल्या प्लेटवर उमटवायचा. मखमलीच्या लवेवर पेशी चिकटून जातात, जागा तीच राहते. औषधाच्या प्लेटवर जिथे कॉलनी आली, त्याच जागेची चिमूट औषध न पाहिलेल्या मूळ प्लेटवरून घ्यायची. तिच्यात प्रतिरोधक पेशींचं प्रमाण वाढलेलं असतं. ही चिमूट वाढवून पुन्हा शिक्का, पुन्हा चिमूट, असं करत त्यांनी स्ट्रेप्टोमायसिनचा रेणूही कधी न पाहिलेले, पण त्याला दाद न देणारे जीवाणू शुद्ध स्वरूपात मिळवले. मूळ प्रश्नातलं ‘कुणी पाहिलं’ याला यापेक्षा सरळ उत्तर मला माहीत नाही.

गोष्ट इथे संपली असती, पण १९८८ साली जॉन केर्न्स आणि सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये खळबळ उडवून दिली. त्यांचा आक्षेप रास्त होता: फाज ताबडतोब मारतो, त्यामुळे नंतर बदलायला वेळच मिळत नाही. मग हा प्रयोग नंतरच्या बदलाला संधी देतोच कुठे? त्यांनी लॅक्टोज पचवता न येणारे जीवाणू फक्त लॅक्टोज असलेल्या प्लेटवर ठेवले. ते मरत नाहीत, उपाशी बसून राहतात. आणि दिवसामागून दिवस नव्या कॉलन्या येत राहिल्या. गरज ओळखून नेमका बदल होतो की काय, असा वाद पेटला. पुढची कित्येक वर्षं चाललेल्या कामातून दिसलं, की त्याच उपाशी पेशींत गरजेशी काडीचाही संबंध नसलेल्या जनुकांतही बदल होत होते. ताणाखाली पेशी चुका जास्त करणारं नक्कल-यंत्र वापरायला लागते, आणि अर्धवट चालणाऱ्या जनुकाच्या प्रती वाढण्याचाही यात वाटा असतो. कोणत्याचा किती, यावर आमच्यात अजून खडाजंगी होते. पण नेम धरून बदल होतो हा दावा टिकला नाही. ताण चुकांचा वेग बदलू शकतो, दिशा नाही.

म्हणूनच ‘यादृच्छिक’ हा शब्दही जपून वापरावा. उत्परिवर्तनं सगळीकडे सारखी पडत नाहीत. मिथाइल लागलेला सायटोसिन इतर अक्षरांपेक्षा सहज बिघडतो, एकाच अक्षराच्या लांब रांगेत नक्कल घसरते, चुका दुरुस्त करणारं एखादं जनुक गेलं तर वेग शंभर पटही होतो. यादृच्छिक याचा अर्थ इतकाच, की बदल होताना त्याचा उपयोग आहे की नाही याची पेशीला खबर नसते.

एक खराखुरा अपवाद सांगायलाच हवा. काही जीवाणूंत क्रिस्पर नावाची यंत्रणा असते. घुसलेल्या फाजच्या डीएनएचा तुकडा कापून पेशी स्वतःच्या जीनोममध्ये खोचून ठेवते, आणि तोच फाज पुन्हा आला की ओळखून त्याचे तुकडे करते. हे २००७ साली दुग्धउद्योगात वापरल्या जाणाऱ्या एका जीवाणूत प्रयोगाने दाखवलं गेलं. इथे बदल फाज भेटल्यानंतर, त्याच फाजमुळे होतो आणि पुढच्या पिढीला मिळतो. इथे ‘शिकणं’ म्हणालात तर मी हरकत घेणार नाही. अर्थात ही यंत्रणाही कधीकधी चुकून स्वतःच्याच डीएनएचा तुकडा खोचते, आणि तो जीवाणू मरतो.

रुग्णालयातला प्रतिरोध बहुतांशी प्लास्मिडवरून (जीवाणूतला डीएनएचा सुटा, छोटा तुकडा), दुसऱ्या जीवाणूकडून आयता मिळालेल्या जनुकांमुळे पसरतो. तो विषय वेगळा, इथे त्यात शिरत नाही. आणि औषध दिल्यावर एखादं एन्झाइम जास्त बनवणं हा प्रतिसाद आहे, उत्परिवर्तन नव्हे. ओळखायची सोपी युक्ती: ती कॉलनी औषधाविना काही दिवस वाढवा आणि पुन्हा औषधावर टाका. प्रतिसाद असेल तर विसरलेला असेल. डीएनए बदललेला असेल तर सहसा तसाच उगवेल.

प्रयोग स्वतः करणार असाल तर शिक्षकांच्या देखरेखीखाली, बिनधोक प्रयोगशालेय जातीवरच करा. निदान वीस नळ्या घ्या, आणि एका मोठ्या नळीतून दहा नमुने काढायला विसरू नका. रिफँपिसिनच्या प्लेटा उजेडात ठेवू नका, औषध बिघडतं आणि सगळंच उगवतं. काही न उगवलेल्या प्लेटा ‘फुकट गेल्या’ म्हणून टाकू नका, त्यांची संख्या वहीत लिहा. आणि एखाद्या प्लेटवर इतरांच्या वीस पट कॉलन्या आल्या, तर तो आकडा पसरण्यातली चूक समजून खोडायच्या आधी त्या नळीतला उरलेला थेंब दुसऱ्या प्लेटवर पसरून बघा.